राजाला सांगा

करी रोड
१४ जून २०२५

राजा,

जयभीम. पाकिटावर माझं अक्षर बघून धस्स झालं असेल, पण कुणी गेलेलं नाही. आई आहे, प्रिती आहे, संघमित्रा कॉलेजच्या नावाखाली कुठेतरी आहे, आणि मी सतराव्या मजल्यावर पंखा फुल करून हे लिहितोय.

पत्र कशाला, असं तू म्हणशील. व्हॉट्सॅपवर लिहिलं की दोन निळ्या खुणा येतात, मग उत्तर येत नाही आणि माणूस जळत बसतो. पत्राचं तसं नाही. तू वाचलंस की शेगडीत घातलंस, मला कळायला मार्ग नाही. मी सुखाने जेवू शकतो.

दोन वर्षं आपण दोघं सहा आकड्यांत बोलतोय. महिन्यातून एकदा मी लिहितो, 'ओटीपी', आणि तू मध्य प्रदेशातल्या सागरहून आकडे पाठवतोस. आगा ना पिछा. परवा गुरुवारी तुझ्या हातून आकड्यांनंतर चुकून टिंब पडलं, तर प्रिती म्हणाली, "भावोजी आज बरेच बोलले."

हे आकडे कशाला लागतात ते तरी तुला माहीत आहे का? तुझ्या फौजेच्या, माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत आईचं नाव तुझ्या कार्डावर आहे. पूर्वी तिला पॉलिक्लिनिकच्या रांगेत बसावं लागायचं. आता दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी डॉक्टर घरी येतात, म्हणजे संघमित्राच्या मोबाईलवर. फुकट. पण कार्ड तुझं, म्हणून आत शिरायचा आकडा येतो तुझ्या नंबरवर. तो तू पाठवलास की दार उघडतं. गोळ्या पॉलिक्लिनिकमधून आणायच्या. तिथे नसल्या तर चिठ्ठी घेऊन मी दुकानातून घेतो, बिल लावतो, आणि ते पैसे जमा होतात तुझ्या खात्यात. पैसे करी रोडला निघतात आणि सागरला उतरतात. असू दे, चहा पी.

तू विचारशील, दादा, तुझे तीन टेम्पो, तुझी साऊंड सर्व्हिस, लालबागच्या नाक्यावर दुसऱ्याचे कर्णे डोक्यावर वाहणारा माणूस आज टॉवरमध्ये राहतो. मग आईला चांगला डॉक्टर दाखवायला काय धाड भरलीय? अरे, दाखवू देते का ती? दोन वर्षांपूर्वी बाबा गेले तेव्हा पुण्यानुमोदनाला नायगावच्या हॉलमध्ये तू उभा राहून म्हणालास, "आजपासून आईचं सगळं आजारपण माझ्या कार्डावर. कुणी खिशात हात घालायचा नाही." त्यावर मी काहीतरी बोललो, लोक हसले, आणि तू जेवणाआधी बॅग उचललीस. मी काय बोललो त्याची उजळणी इथे नको. चारचौघांत माणूस गंमत करतो.

आईने मात्र तुझं वाक्य पदरात बांधून ठेवलंय. मागच्या महिन्यात परळच्या एका मोठ्या हार्टवाल्याची वेळ घेतली. गाडी खाली लावली. ही खाटेवरून उतरेना.

"राजानं धा मानसांत शबुद दिलाय. तू पैसं टाकलंस की त्याचा शबुद खोटा पडतो."

"अगं, त्याला कोण सांगायला जातंय?"

"मला ठावं असंल ना."

झालं. गाडी खालीच राहिली, आम्ही वर.

एरवी बरी आहे. जरा खोकते. पण तिचा गुरुवार तू बघायला हवास. सकाळीच न्हाते, निळ्या काठाची पांढरी साडी नेसते, केस चापूनचोपून बसवते, आणि पायात तुझे फौजेचे लोकरी मोजे चढवते. मुंबईच्या जून महिन्यात लोकरी मोजे! मी म्हटलं, आई, कारगिलला चाललीस का? म्हणाली, "राजाचं हायत." मग ती संघमित्राला बाहेर काढते, मला काढते, आणि दार लावून डॉक्टरशी बोलते.

कधी येशील ते लिही. नाही लिहिलंस तरी चालेल, म्हटलं ना, मला कळणार नाही.

तुझा दादा,
हर्षवर्धन


करी रोड
१६ ऑगस्ट २०२५

राजा,

परवाचे आकडे मिळाले. या वेळी टिंब नव्हतं. घरात निराशा पसरली.

आता तुला एक किस्सा सांगतो, आणि तो खरा आहे. माझे कान तुला ठाऊक आहेत. नाक्यावर बारा स्पीकरची भिंत वाजत असताना त्यातला एक फाटका निघाला तर मला करी रोडच्या पुलावर कळतं. मग माझ्याच घरातलं दार काय चीज आहे? परवा गुरुवारी मी त्या दाराशी उभा राहिलो. चोरून ऐकत नव्हतो, माझे कान पुढे गेले, मी मागे होतो.

आतली डॉक्टर बाई आहे, उत्तरेकडची, आवाज गोड. आई तिला 'साहेब' म्हणते.

"माताजी, सांस फूलती है?"

"नाय साहेब."

"पैरों में सूजन?"

"पाय ठणठणीत साहेब. रोज करी रोडचा पूल चढते."

राजा, हिने मार्चपासून तो पूल बघितलेला नाही.

"रात को नींद?"

"झोपले की झोपले, साहेब. येकदम फसकलास."

म्हणजे लष्करी परेडच. सब ठीक, साहेब. शेवटी आई म्हणाली, "राजाला सांगा, आई बरी हाय." ती बिचारी म्हणाली, "जी माताजी, बोल दूँगी." तिला वाटलं असणार, म्हातारीचं काहीतरी मागणं आहे, हो म्हणावं.

फोन बंद झाल्याचा आवाज मी ऐकला. टुक करून वाजतो. मी दार ढकलणार, तेवढ्यात आई पुन्हा बोलायला लागली. काळ्या पडलेल्या मोबाईलशी. अगदी हळू.

"जेवलास का रं? गव्हाच्या चपात्या खाऊन कटाळला असशील. सुकट धाडली असती, पर कुणासंगं धाडू? दाढी रोज करतोस ना? नोकरी सुटली म्हून आळस करू नगं."

मी आत गेलो. विचारलं, कुणाशी बोलतेस? तिने मला असं बघितलं, की एवढा टॉवरमध्ये राहणारा माणूस आणि डोक्यात भुसा. म्हणाली, "राजाशी."

"राजा कुठाय?"

"आत. डॉक्टरच्या मागं बसतो. दिसत नाय, पर ऐकतो."

"तुला कुणी सांगितलं?"

आता तिचं गणित ऐक. "दार उघडाया कुणाचा आकडा लागतो? राजाचा. त्यानं आकडा दिल्याबिगर डॉक्टर येतो का? नाय. मंग राजा आत असल्याबिगर दार उघडंल कसं? आपल्या चाळीत दार उघडायचं तर आतल्यानं कडी काढाया लागायची."

राजा, मी आयुष्यभर गिऱ्हाइकांशी हुज्जत घातली, पण या गणितात मला चूक सापडेना. मी म्हटलं, आई, तो सागरला असतो, आकडा वाऱ्यावरून येतो. ती हसली. "तुला ठावं नाय. फौजेचं हाय ते."

तर साहेब, दर महिन्याला तुमच्यासाठी दरबार भरतो. साडी तुमच्यासाठी, मोजे तुमच्यासाठी, आणि 'सब ठीक' तेही तुमच्यासाठी. पोराने कार्ड दिलं, पोराच्या पुढ्यात आजारी कसं दिसायचं? डॉक्टरला बिचारीला काय कळणार? तिला समोरची आई दिसते, स्वतःच्या पाठीमागे बसलेला तू नाही.

म्हणून एक कर. एक फोन लाव. माझ्याशी बोलू नकोस, तुझं व्रत मोडेल. संघमित्राला लाव आणि आईला एवढंच सांग, की मी आत नाही, तू डॉक्टरला खरं सांग. दोन मिनिटं लागतील. ओटीपी टाईप करायला तेवढाच वेळ लागतो.

तुझा दादा


करी रोड
१३ सप्टेंबर २०२५

राजा,

आकडे आले. फोन नाही आला.

गणपतीचे दिवस माझे कसे जातात ते तुला माहीत आहे. दहा दिवस मी घरी फक्त आंघोळीला येतो, आणि त्यानंतर आठ दिवस कानात शिट्टी वाजत राहते. या सगळ्यात आई माझ्या कानांतून सुटली. सबब देत नाही, जे झालं ते सांगतोय.

विसर्जनानंतर तिला घेऊन भाजीला खाली उतरलो. फाटकापासून भाजीवालीपर्यंत किती अंतर आहे? तेवढ्यात ती चार जणांशी बोलायला थांबली. वॉचमनला त्याच्या गावचा पाऊस विचारला. फुलवाल्याला पोरीचं लग्न जमलं का विचारलं. एका अनोळखी बाईच्या पोराच्या गालाला हात लावला. मी आपला खूश, की म्हातारी टॉवरला रुळली, माणसांत मिसळायला लागली. चौथ्या माणसापाशी मात्र माझ्या कानात काहीतरी आलं. ती प्रश्न विचारायची आणि समोरचा उत्तर देईपर्यंत श्वास घ्यायची. उत्तर ती ऐकतच नव्हती.

चाळीत असती तर जिन्याने कधीच सांगितलं असतं. तिसऱ्या मजल्यावर पाणी नेताना शेजारच्या कमळाबाईने ओरडून सगळ्या चाळीला कळवलं असतं. इथे लिफ्ट आहे. बटण दाबलं की सतरावा मजला. मी तिला सुखात आणलं आणि त्या सुखात तिचा दम लपला.

आणि मोजे. प्रितीने परवा आई झोपलेली असताना ते काढले. आधी निघेनात. निघाले तर खाली पाय कसले, फुगलेली उशी. लोकरीची वीण कातडीत उमटली होती. बोट दाबलं तर खड्डा पडला तो पडूनच राहिला. जून महिन्यात मी कारगिलचा विनोद केला होता, आठवतंय?

परवाच्या गुरुवारी प्रिती हट्टाने आत बसली. डॉक्टरने पायांचं विचारलं तशी तिने मोबाईल खाली वळवला. आईने दोन्ही हातांनी तिचं मनगट धरलं आणि ओरडली, "त्याला कशाला दावतीस?" डॉक्टर काय समजायचं ते समजली. चांगली बाई आहे. म्हणाली, "इनको आज ही पॉलिक्लिनिक ले आइए, सामने से देखना पड़ेगा. वहाँ से दिल की जाँच के लिए भेज देंगे, कार्ड में सब कवर है." राजा, सगळं आहे. तपासणी आहे, भरती आहे, तुझ्या कार्डात सगळं बसतं. फक्त आईने खाटेवरून उतरायला हवं.

ती उतरत नाही. मी रागावलो, प्रिती रडली, संघमित्राने आजीच्या पायांवर डोकं ठेवलं. एकच पालुपद. "पोरगा आत बसून बघत व्हता. त्यानं पाय बघितलं. आता पुना त्याच्या कार्डावर नगं. त्याला घोर लागंल."

आणि माझ्या पैशाने? ते तर नाहीच. तुझा शब्द खोटा पडतो.

बघितलंस, कशी अडकलीय ती? तुझ्या कार्डावर गेली तर तुला काळजी, माझ्या पैशाने गेली तर तुझी बेइज्जती. दोन्ही बाजूंना तूच उभा आहेस, म्हणून तुझ्याशिवाय हे सुटणार नाही. तिला उचलून नेता आलं असतं तर नेलं असतं. परवा उचलायला गेलो तर अंगाला असा हिसका दिला, की ओठ निळे पडले. मी घाबरून खाली ठेवली.

मी लिहितो ते गमतीसारखं वाचलं जात असेल तर तो हाताचा दोष आहे, हाताला दुसरी सवय नाही. हे गमतीत नाही. फोन कर. मला शिव्या द्यायच्या तर आधी त्या दे, पण फोन कर.

दादा


परळ, हॉस्पिटलच्या बाकावरून
८ ऑक्टोबर २०२५

राजा,

हे पोस्टात टाकीन की नाही माहीत नाही. तुला चार फोन केले, वाजून बंद झाले. मेसेज टाकलाय, 'आई ॲडमिट.' माझ्या नंबरला तू काय करून ठेवलंयस, कोण जाणे. हातात पेन आहे आणि करायला काही नाही, म्हणून लिहितो.

परवा सकाळी ती मोरीच्या दाराशी बसलेली सापडली. बसलेली म्हणजे, पडायचं नाही म्हणून भिंतीला धरून बसलेली. तुझ्या योजनेच्या पॅनेलवरचं हॉस्पिटल गाठायला वेळ नव्हता. जे जवळ होतं तिथे आणली. स्ट्रेचरवर तोंडाला मास्क, डोळे अर्धे मिटलेले, आणि माझी बाही ओढतेय. मी कान खाली नेला.

"कारड चालतं ना हितं?"

चालत नव्हतं. काउंटरवर मी कार्ड दाखवलं तर मुलाने ते उलटसुलट करून परत दिलं. म्हणाला, आधी भरा, नंतर तुमच्या ऑफिसला कळवून क्लेम करा. मी भरले.

"चालतं," मी म्हणालो. "दाखवल्याबरोबर उभे राहिले सगळे. म्हणाले, राजरत्न साहेबांच्या आई का?"

तिचा चेहरा असा निवला, राजा. मी आयुष्यात पुष्कळ लोकांना पुष्कळ काही विकलं, असं गिऱ्हाईक समाधानी झालेलं बघितलं नाही. आणि खरं सांगू? माझे पैसे तुझ्या नावाने गेले आणि मला जड गेलं नाही. नायगावच्या हॉलमध्ये हेच केलं असतं तर काय बिघडलं असतं? तू म्हणालास, माझ्या कार्डावर. आणि मी माईक हातात घेऊन म्हणालो, "कार्डाला हात असतात का रे, रात्री पाणी द्यायला?" माईकही माझाच होता. आवाज चांगला गेला, शेवटच्या रांगेपर्यंत.

डॉक्टर म्हणतात, हृदय थकलंय, पाणी फुफ्फुसात गेलंय, महिन्या-दोन महिन्यांपूर्वी आणायला हवी होती. मी मान हलवली. काय सांगणार, की आमच्या आईचा मुलगा मोबाईलमध्ये बसतो?

आज दुपारी तिने बोटं मोजली आणि मास्कच्या आतून म्हणाली, "उद्या बिस्तरवार. साडी आणशील."

दादा


करी रोड
९ नोव्हेंबर २०२५

राजा,

महिना होत आला. मागचं, बाकावर लिहिलेलं पत्रही याच पाकिटात घालतो.

तू आलास तेव्हा सगळं आटोपलं होतं. सागरहून गाडीला यायला लागायचा तेवढा वेळ लागला, त्यात तुझा दोष नाही. तू बूट काढलेस, आईच्या फोटोला हात जोडलेस, आणि प्रितीने दिलेलं पाणी प्यायलास. आपण दोघं एका सतरंजीवर बसलो होतो. सगळं लालबाग म्हणतं, हर्षवर्धन मुडद्यालाही बोलता करील. मला एक शब्द काढता आला नाही. जाताना लिफ्टपाशी तू म्हणालास, "दादा, पत्रं मी वाचली होती. मला वाटलं, तू नेहमीसारखं रंगवून सांगतोयस. आई मोबाईलशी बोलते, डॉक्टरच्या मागे मी बसतो... मला वाटलं, तू मला पुन्हा टोमणा मारतोयस." आणि लिफ्टचं दार लागलं.

तेव्हापासून मी ती पत्रं मनात पुन्हा वाचतोय. तुझं बरोबर आहे. मीही तसंच समजलो असतो. इतकी वर्षं मी सगळं खुसखुशीत करून वाढलं, शेवटी खरी गोष्टही तशीच वाढली आणि तू ताट बाजूला सारलंस. यात काही रंगवलेलं नाही, एवढं समजून पुढचं वाच.

त्या गुरुवारी तुला जे दिसलं नाही ते सांगतो.

संघमित्राने आईचे केस बसवले. साडी नेसवता येत नव्हती, तर चादरीवर पसरली. मोजे तिने मागितले, मी पायांत अडकवल्यासारखे केले. आता कसला डॉक्टर आणि कसला कॉल, पण तिला वेळ कळत होती. मी सवयीने तुला लिहिलं, 'ओटीपी'. आकडे आले नाहीत. मला वाटलं, आता तेही बंद झालं. तेवढ्यात मोबाईल वाजला, व्हिडिओ कॉल, आणि पडद्यावर तू.

मी तुलाच पटकन ओळखलं नाही. ती पांढरी दाढी छातीपर्यंत कधी आली? आईने तुला भरतीपासून गुळगुळीत गालांचा बघितलाय. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू, तोंडावर मास्क, आणि गुरुवार म्हणजे डॉक्टरचा दिवस. मी मोबाईल तिच्यासमोर धरला. आणि तू काही बोलायच्या आत तिने सुरू केलं.

"नमस्कार साहेब. बरी हाय मी."

मी म्हणणार होतो, आई, अगं हा राजा. शब्द जिभेवर होता. तुझ्याकडे बघितलं तर तू नकारार्थी मान हलवलीस. की ती तशीच हलली? मला अजून कळलेलं नाही. मी मोबाईल तिच्या आणखी जवळ नेला.

"पाय ठणठणीत. सास चांगला. हितं कारड चालतं, साहेब. सगळी उभी ऱ्हायली." मग थोडं थांबली, श्वास गोळा केला. "राजाला सांगा, आई बरी हाय."

तू म्हणालास, "सांगतो."

बस, एवढंच. टुक वाजलं. तुला इथपर्यंत माहीत आहे.

पुढचं माझ्या कानांनी ऐकलेलं. आई पडद्याकडे बघत राहिली. नेहमीसारखी तुझ्याशी बोलेल म्हणून मी मोबाईल तसाच धरून ठेवला. ती बोलली, पण माझ्याशी.

"आज मराठी डॉक्टर व्हता."

"हो."

"चांगला पोरगा हाय. डोळ्यांत पानी व्हतं त्याच्या. त्याच्या घरी काय झालं असंल का रं?"

मी म्हटलं, असेल.

"दाढी मातुर कराया पायजे त्यानं. फौजेत ऱ्हातो आन असं कसं? राजाला सांग, त्याला जरा सांगाया."

मग तिने हात पुढे केला आणि काळ्या काचेवर, जिथे तुझा गाल होता तिथे, अंगठा फिरवला. काच पुसत होती की काय करत होती, मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली.

आता कामाचं. तिचं नाव कार्डावरून कमी करण्यासाठी अर्ज तुलाच करावा लागेल. मी चौकशी केली. मृत्यूच्या दाखल्याची प्रत सोबत जोडलीय. हॉस्पिटलच्या बिलाचा क्लेम मी लावणार नाही, लावलास तर माझ्याशी गाठ आहे. ते तुझ्याच कार्डावर झालं असं ती समजून गेली, तसंच राहू दे.

तू त्या दिवशी 'सांगतो' म्हणालास. निरोप तुझ्याकडे पोचला, पण तो तुला कुणी दिला नाही. डॉक्टर म्हणायची, बोल दूँगी, तीही कुणाला सांगणार होती? इतक्या महिन्यांचे निरोप असे मधेच पडून आहेत, आणि ते ऐकलेला मीच उरलोय. म्हणून देतो. जसे ऐकले तसे.

राजा, आई बरी आहे. तू जेवून घे. चपात्यांचा कंटाळा आला असेल तर सुकट पाठवतोय, प्रितीने बांधून ठेवलीय.

आणि दाढी कर.

दादा